बुडावरचं नाव

गड्डीगोदामला रज्जाकभाईच्या कबाडात
काच किलोवर जाते, दीड रुपया.
सिव्हिल लाइन्सचा एक बंगला रिकामा झाला,
त्याचं सामान तीन हातगाड्यांवरून आलं:
पंख्याची पाती, ओला झालेला ॲटलस,
कुणा हर्षदचं सातवीचं प्रगतिपुस्तक,
आणि पोत्यात, जुन्या साडीत गुंडाळलेलं, हे.
वीतभर उंच. खाली इतकं भरीव
की तराजूत एक किलो चारशे भरलं.
रज्जाकभाई म्हणाला, पेपरवेट असेल, बाई.
हिशेबानं दोन रुपये दहा पैसे.
मी पाचचं नाणं दिलं आणि सुटे मागितले नाहीत.
तेव्हाच त्याला संशय आला असावा.

रंग म्हणाल तर रंग नाहीच.
काच जिथं जाड, तिथं फक्त
जानेवारीत सकाळी सातला
अंबाझरीच्या पाण्याला असतो तेवढा राखाडी.
आत एक पोकळी, थेंबासारखी,
वर निमुळती होत बोटभर तोंडात उघडलेली.
पाणी ठेवावं तर चार घोट मावतील,
फूल ठेवावं तर एक.
बुडाशी, दाभणानं ओरखडल्यासारखं,
एक आडनाव, फिनलंड, आणि चोपन्न साल.

पुण्याच्या एक बाई अशा वस्तू घेतात.
त्यांनी विचारलं नाही केवढं आहे, कसं आहे.
बुडाचा फोटो पाठवा, म्हणाल्या.
नाव असेल तर पस्तीस हजार,
नाव नसेल तर फुलदाणी.

बाबांना दाखवलं.
पुंडलिक हेडाऊ, विद्यापीठाच्या रसायन विभागात
एकतीस वर्षं काच फुंकली त्यांनी.
कंडेन्सर, ब्युरेट, तीन मानांचे चंबू,
फोडून आणलेलं सगळं रात्रीतून सांधून दिलेलं.
गाल अजून सैल आहेत, रिकाम्या पिशवीसारखे.
त्यांच्या एकाही नळीवर त्यांचं नाव नाही.
मिलीलिटर आहेत.

बाहेर सेहेचाळीस. कूलरच्या गवताचा ओला वास.
बनियनवर बसून त्यांनी ते मांडीवर घेतलं,
नखानं वाजवलं, ऐकलं,
मग जुन्या गॉगलच्या दोन काचा काढून
एक पुढं, एक मागं, आडवी-उभी धरून
खिडकीशी बराच वेळ पाहत राहिले.
‘कुठंच रंग नाही फुटला. ताण नाही याच्यात.
हळूहळू थंड केलं कोणं तरी.
घाई नाही केली.’

मी म्हटलं, बाबा, या पोकळीत
सत्तर वर्षांपूर्वीचा कुणाचा तरी श्वास असेल ना?
(मला वाटलं, त्यांना आवडेल.)

‘श्वास कायचा! तोंड उघडं आहे त्याचं,
कधीचाच गेला असता.
आन् हे फुंकलंच नाही, बाई.
लालभडक गोळ्यात ओली काडी खुपसली.
पाण्याची वाफ झाली, वाफेनं जागा केली आपली.
काडी गेली जळून.
एकानं गोळा फिरवला, एकानं काडी धरली,
दोघायचे हात एका श्वासात चालले पाह्यजे, नाही तं फुटते.’
बूड वर करून त्यांनी अक्षरांवर अंगठा फिरवला.
‘हे लिवणारा तिसरा.’
मग म्हणाले, ‘अक्षर चांगलं आहे.’

संध्याकाळी मी बबल रॅप आणला, खोकं आणलं.
कुरियरवाला सोमवारी येणार होता.
बाबांनी विचारलं नाही कुठं जातं.
रात्री दोनदा उठले, दोनदा दिवा लागला,
मला वाटलं, उकाडा.

सकाळी ओट्यावर पाहते तर
त्याच्या त्या बोटभर तोंडात
बाबांची कडुनिंबाची काडी उभी,
टोकाला चावलेली,
ओली.
थेंबभर पाणी तिच्यावरून निथळून
आत तळाशी साचलेलं.

मी पुण्याच्या बाईंना लिहिलं,
बुडावरचं नाव
नीट वाचता येत नाही.